एकाच पेटीला लागलेले हात, आणि प्रत्येकाचा दर वेगळा

मोहोर | २४ एप्रिल, रात्री १०.१५

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी लिहितेय, थोडं लांबेल.

बाबा गेल्यावर मी पुण्यातली नोकरी सोडून गावी आले. रत्नागिरी तालुक्यात आमची दोनशे ऐंशी हापूस कलमं आहेत. बाग सांभाळायचा हा माझा दुसरा हंगाम. पहिला नुसता समजून घेण्यात गेला. यंदा बाबांची मजुरीची वही नीट वाचली आणि तेव्हापासून झोप लागत नाहीये.

वहीत प्रत्येक पानावर तीन रकाने आहेत. गडी, बाया आणि गुरखा. गड्यांपुढे दिवसाचे ६०० रुपये, बायांपुढे ३५०. गुरख्याच्या रकान्यात रोज नाही, महिन्याचा आकडा आहे : 'बहादूर, जोडी, १८,०००'. जोडी म्हणजे नवरा-बायको. तो रात्री बाग राखतो, दिवसा फवारणीची पाइप ओढतो. ती पाणी भरते, पाचोळा गोळा करते, आंबे वाहते, आमच्या अंगणात शेणसुद्धा सारवते. दोघं नेपाळची, नोव्हेंबरपासून आमच्या मांगरात, म्हणजे बागेतल्या खोपटात राहतात. गेल्या हंगामात मीही तसेच १८ हजार त्याच्या हातावर ठेवत गेले. यंदा तिला नाव विचारलं तेव्हा कळलं, वहीत तिचं नाव कुठेच नाही. आणि त्याचंही नाव बहादूर नाही. त्याच्या आधीच्या राखणदाराचं नाव बहादूर होतं, वहीत तेच पुढे चालू राहिलं.

दुसरी गोष्ट आंब्याच्या खोलीतली. आमच्याकडे वाडीतल्या सहा बाया प्रतवारी करतात. सगळ्यात जुन्या काकींना हे काम करून तीस वर्षं झाली. त्या फळ हातात घेतात, देठाशी खांदा भरलाय का ते अंगठ्याने चाचपतात आणि बघता बघता सांगतात, हा चौदा आणे तयार, हा बारा आणे, हा उद्या पिकेल तो पेटीत नको. वजनही हातानेच सांगतात. मी वजनकाटा घेऊन बसले होते. वीस फळांत त्यांचा वजनाचा अंदाज एकदाही दहा ग्रॅमच्या पलीकडे चुकला नाही. पेटीत एक फळ आधी पिकलं तर शेजारची चार घेऊन जातं, म्हणजे पेटीचा भाव खरं तर त्या अंगठ्यावर ठरतो. पण गावात त्या कामाला 'बसून करायचं हलकं काम' म्हणतात, आणि त्याचे ३५०.

पेट्या उचलून टेम्पोत लावणाऱ्या मुलाला ६००. तो सतरा दिवसांपूर्वी पहिल्यांदा बागेत आला.

मला हे बदलायचंय. आजूबाजूचे बागायतदार, ज्यांतले निम्मे माझे काका-मामा आहेत, म्हणतात, 'तू रेट बिघडवतेस.' कुणी असं केलंय का? कसं केलं? हिशेब कसा बसवला?

पावसाची_वाट | २४ एप्रिल, रात्री १०.५०

वाचतेय. वहीचं वाचून पोटात कालवलं. आमच्या घरीही तीच वही आहे, फक्त भाताची.

कलमवाला | २५ एप्रिल, सकाळी ७.०५

ताई, मी देवगडचा. बागायतदाराची बाजू मांडतो, रागावू नका.

झाडाला मोहोर आल्यापासून तुडतुडे, थ्रिप्स अशा किडी, वर अवकाळी. फवारण्या किती होतात ते तुम्हाला आता कळलंच असेल. खोकी, पेंढा, टेम्पोभाडं, दलाली, सगळं वजा जाऊन हातात काय राहतं ते एप्रिलच्या शेवटी कळतं. ज्या वर्षी फळच धरत नाही त्या वर्षी राखणदाराचा पगार कर्ज काढून दिलाय मी. बायांना ६०० दिले तर सहा बायांचे रोजचे १५०० वाढले. पस्तीस दिवस काम धरा, बावन्न हजार पाचशे. लहान बागेत ते कुठून काढायचे?

आणि गडी झाडावर चढतो. पडला तर कंबर मोडते. त्या जोखमीचा काही दर असावा की नाही?

मोहोर | २५ एप्रिल, सकाळी ८.३०

दादा, रागवत नाही. चढणाऱ्यांचा दर वेगळाच आहे, ८००. घळ (आंबे काढायची जाळीची काठी) घेऊन उंच फांदीवर जाणाऱ्याला ते मिळायलाच हवेत. माझा प्रश्न खाली उभं राहून उचल-ठेव करणाऱ्या गड्याचे ६०० आणि तीस वर्षं प्रतवारी करणाऱ्या बाईचे ३५०, याचा आहे. तिथे जोखीम कुठे आली?

बावन्न हजारांचा हिशेब मात्र बरोबर आहे. तोच मला रात्री जागवतो.

हिशेबनीस | २५ एप्रिल, दुपारी १.२०

कामगार कायद्याच्या कागदपत्रांत माझी वीस वर्षं गेली, म्हणून थोडं.

बाई म्हणून कमी मजुरी देणं १९७६ च्या समान वेतन कायद्यापासूनच बेकायदा आहे. आता तो कायदा वेतन संहिता २०१९ मध्ये विलीन झालाय आणि ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशभर लागू झाली. शब्द नीट बघा. नुसतं 'तेच काम' असं कायद्यात नाही, 'तेच किंवा तशाच स्वरूपाचं काम' असं आहे. म्हणजे कौशल्य, कष्ट, अनुभव आणि जबाबदारी सारखी लागत असेल तर मजुरी सारखी. 'तो पेट्या उचलतो, ती आंबे निवडते, कामं वेगळी आहेत' एवढं म्हणून सुटका होत नाही. आणखी एक कलम लोकांना माहीत नसतं : समान मजुरी करण्यासाठी कुणाचाही दर खाली आणता येत नाही. गड्यांचे ६०० चे ४७५ करून तडजोड करायची, हे चालणार नाही.

कलमवाले दादांच्या 'परवडत नाही'बद्दल. मुंबईतल्या एका जहाज कंपनीत महिला स्टेनोग्राफरांना पुरुष स्टेनोग्राफरांपेक्षा कमी पगार होता. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, १९८७ साली निकाल लागला. कंपनीची ऐपत नाही ही सबब न्यायालयाने मानली नाही. मालकाला परवडतं का यावर समान वेतन अवलंबून ठेवलं तर कायद्याला अर्थच उरत नाही.

हे घाबरवायला लिहीत नाही. आपल्याकडे आंब्याच्या खोलीत कुणी निरीक्षक येत नाही, हे मलाही ठाऊक आहे. पण 'रेट बिघडवतेस' म्हणणाऱ्यांना एवढं सांगता येईल, की रेट आधीपासून बिघडलेलाच होता.

वाशीकर | २५ एप्रिल, रात्री ९.४५

मी वाशीच्या फळबाजारात एका गाळ्यावर हिशेबाला आहे. ताईंची पेटी माझ्याकडे येते असं समजा. पुढे तिचं काय होतं ते सांगतो.

रात्री टेम्पो लागतो. पेटी उतरवतो माथाडी. त्याचा नगाचा दर ठरलेला. पैसे मी परस्पर त्याच्या हातात देत नाही, मजुरी आणि वर लेव्ही, म्हणजे मजुरीवरची ठरलेली जादा रक्कम, माथाडी मंडळात भरावी लागते. त्या लेव्हीतून त्याचा प्रॉव्हिडंट फंड, ग्रॅच्युइटी, रजा, औषधपाणी. त्याला एक मालक नाही, आज या गाळ्यावर तर उद्या त्या. तरीही त्याला हे सगळं आहे. कारण अण्णासाहेब पाटलांनी हमालांची संघटना उभी केली आणि १९६९ साली महाराष्ट्राने माथाडी कायदा केला. त्याआधी हाच माणूस पाठीवर गोणी घेऊन मुकादमाच्या तोंडाकडे बघत असे.

म्हणजे तीच पेटी तुमच्या खोलीत जिने भरली तिला ३५० आणि बाकी काही नाही, आणि इथे जो ती खाली ठेवतो त्याला ठरलेला दर आणि म्हातारपणाची सोय. मध्ये सव्वातीनशे किलोमीटर रस्ता. माथाड्यांना जास्त मिळतं असं मला अजिबात म्हणायचं नाही. त्यांचा मणका पन्नाशीत जातो, रोज बघतो मी. म्हणायचंय एवढंच, की 'सुट्या मजुराला असं काही देता येत नाही' हे खरं नाही. देता येतं. पन्नासहून अधिक वर्षं दिलं जातंय.

कलमवाला | २५ एप्रिल, रात्री १०.१०

वाशीकर, हे असं कधी डोक्यात आलं नव्हतं. त्याच पेटीच्या पट्टीत, म्हणजे विक्रीच्या हिशेबात, हमाली माझ्याकडून कापली जाते, ती मी निमूट देतो. खरं आहे.

काजूगर | २६ एप्रिल, दुपारी ३.३०

मी सावंतवाडी तालुक्यातली. आई बावीस वर्षं काजूच्या कारखान्यात होती, मीही बारावीनंतर चार वर्षं केलं. कारखान्याचं नाव सांगत नाही.

तिथे रोज नाही, किलोवर पैसे. बी उकडून आली की कटिंगला बसायचं. पायाने पट्टी दाबायची, हाताने बी पात्याखाली धरायची, दोन टरफलं वेगळी, गर वेगळा. टरफलातलं तेल हाताला लागतं. आधी काळे डाग, मग साल निघते. राखेत नाहीतर खोबरेलात हात बुडवून बसायचं. हातमोजे घातले तर बी पकडता येत नाही, किलो कमी भरतात, पैसे कमी. म्हणून कुणी घालत नाही. वरून सगळे म्हणणार, बायांनाच नकोत मोजे.

मग सोलणं. गरावरची तांबडी साल काढायची, गर तुटता कामा नये. अख्ख्या गराचा दर वेगळा, तुकड्याचा वेगळा. गर आधीच उकडण्यात तडकला असला तरी तुकडा आमच्या नावावर.

कारखान्यात पुरुषही होते. बॉयलरवर, ड्रायरवर, गाडीवर. ते सगळे पगारी. बाई कधी बॉयलरवर नाही, पुरुष कधी सोलायला नाही. मी एकदा विचारलं, बॉयलरचं मला शिकवाल का? सुपरवायझर हसला. आई घरी म्हणाली, 'गो बाय, आपल्या हाताक सोलूची सवय असा म्हणान आपणाक सोलूक लावतत नाय. सोलपाचे पैशे कमी, म्हणान ता बायलांचा काम.' आई चौथी शिकलेली, पण माझ्या चार वर्षांच्या प्रश्नाचं उत्तर तिने चुलीपुढे बसून दिलं.

मोहोरताई, तुमच्या काकींना दर वाढवून द्याच. पण त्याबरोबर टेम्पोचा हिशेब, दलालाशी फोनवर भाव बोलणं, हेही त्यांच्यातल्या एखादीला शिकवा. दर वाढला तरी जागा तीच राहिली तर पुढचा मालक दर परत खाली आणतो.

पावसाची_वाट | २६ एप्रिल, संध्याकाळी ५.००

काजूगर, आईचं वाक्य वहीत लिहून ठेवलं.

गिरणगावचा | २६ एप्रिल, रात्री ८.४०

आईच्या वाक्यावरून आठवलं. माझे आजोबा खेड तालुक्यातून परळच्या गिरणीत गेले. आधी कित्येक वर्षं बदली कामगार. रोज सकाळी फाटकावर उभं राहायचं, कुणी खाडा केला तर आत घेणार. आत घेणं जॉबरच्या, म्हणजे कामगार भरणाऱ्या मुकादमाच्या हातात. त्याच्या खोलीवर भाजी पोचवली, सणाला नारळ दिला, तर नाव पुकारलं जाई. कायम आणि बदली, एकाच मागावर, एकाच कापडावर. पगार आणि भरवसा मात्र जमीन-अस्मानाचा.

आणि त्याच गिरणीत एक खातं असं होतं जिथे आजोबांना प्रवेशच नव्हता. आम्ही पूर्वाश्रमीचे महार. विणकाम खात्यात पगार चांगला, पण धोट्यात (मागावर आडवं सूत नेणाऱ्या लाकडी नळ्यात) सूत ओढायला ते तोंडाने ओढून घ्यावं लागे. अस्पृश्याच्या तोंडाला लागलेला धोटा सवर्ण कामगार हातात घेत नसत. म्हणून आमच्या माणसांनी कमी पैशाच्या खात्यांतच राहायचं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८-२९ च्या गिरणी संपांच्या काळात हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे थेट ठेवला होता. सगळ्या कामगारांची एकजूट म्हणता, मग विणकाम खातं आम्हाला का बंद?

हा कप्पा मालकाने एकट्याने केला नव्हता, बाजूला उभ्या असलेल्या कामगारानेही तो जपला. ताई, तुमच्या बागेत बायांचा दर वाढला की पहिली कुरकूर गड्यांचीच येईल. ती ऐकून घ्या, पण त्यावर निर्णय फिरवू नका.

गावाकडचंही तेच. खोताच्या, म्हणजे गावचा सारा वसूल करणाऱ्या वतनदाराच्या शेतावर कुळाने वेठीला (फुकट कामाला) जायचं, त्याचा दर शून्य. बाबासाहेबांनी खोती रद्द करायचं विधेयक १९३७ च्या सप्टेंबरात मुंबईच्या विधिमंडळात मांडलं, १० जानेवारी १९३८ ला कोकणातले शेतकरी मुंबईत मोर्चाने गेले. त्याआधी १९३३ पासून चरी गावच्या कुळांनी नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली सहा वर्षं जमिनी पडीक ठेवल्या, अलिबागच्या त्या खारेपाटात भाकरी मिळेना तरी. खोती प्रत्यक्ष कायद्याने गेली १९४९ ला. आपल्या कोकणात 'हे असंच चालत आलंय' म्हणायला तोंड उघडलं की मला चरी आठवते.

तिसरी_पाळी | २७ एप्रिल, पहाटे ५.१०

आत्ताच रात्रपाळी करून आलो. केमिकलच्या कंपनीत आहे, अकरा वर्षं, ठेकेदाराकडे. माझ्या रिअॅक्टरवर दोघं असतो. एक पर्मनंट, एक मी. गेज दोघं वाचतो, व्हॉल्व्ह दोघं फिरवतो, गळती झाली तर दोघंही पळणार. त्याचा पगार माझ्या अडीचपट. त्याला कॅन्टीन आत, मला डबा सायकल स्टँडजवळ. त्याचा युनिफॉर्म निळा, माझा राखाडी, म्हणजे गेटवर लांबूनच कळावं.

अकरा वर्षांत ठेकेदार चार वेळा बदलला, मी तिथेच. दर वेळी नवा ठेकेदार, नवं कार्ड, आणि माझी नोकरी परत 'पहिला दिवस'. ग्रॅच्युइटीला पाच वर्षं सलग लागतात, ती माझी कुणाकडेच भरत नाहीत.

पर्मनंट मित्र चांगला आहे. म्हणतो, तुझ्यासाठी बोललो असतो, पण युनियनच्या घटनेत ठेकेदाराची माणसं सभासद होऊ शकत नाहीत. गिरणगावचा यांनी लिहिलंय ते बदली कामगाराचं वाचताना वाटलं, आजोबा नाही, मीच फाटकावर उभा आहे.

हिशेबनीस | २७ एप्रिल, सकाळी ११.००

तिसरी_पाळी, तीन गोष्टी लगेच करा. चारही ठेकेदारांच्या काळातल्या पगाराच्या चिठ्ठ्या, ईएसआयचं (कामगार विम्याचं) कार्ड आणि पीएफचा यूएएन, म्हणजे खातेनंबर, एका फाइलमध्ये लावा. यूएएन एकच राहिला असेल तर त्यावर सगळ्या नोकऱ्या तारखांसह दिसतात, त्याच जागेवर सलग काम केल्याचा तो सगळ्यात पक्का पुरावा. गेटपासवर मूळ कंपनीचं नाव असेल तर त्याचे फोटो काढून ठेवा. ठेकेदाराने पैसे थकवले तर मूळ कंपनीवर जबाबदारी येते, हे १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यातही होतं आणि नव्या संहितेतही आहे. मग एकटे जाऊ नका, दहा-बारा जण मिळून कामगार अधिकाऱ्याकडे जा.

आणि पर्मनंट मित्राला सांगा, घटना माणसांनी लिहिलेली असते. सर्वसाधारण सभेत दुरुस्ती मांडता येते.

बंदरवाट | २७ एप्रिल, रात्री ९.२०

आम्ही मच्छीमार, दोन होड्या. आजोबांच्या वेळी खलाशी वाडीतलेच आणि हिशेब वाट्यावर. होडीचा वाटा, जाळ्याचा वाटा, माणसांचे वाटे, तांडेलाचा (होडी चालवणाऱ्या प्रमुखाचा) थोडा जास्त. मासळी नाही आली तर सगळ्यांचीच उपासमार, आली तर सगळ्यांची दिवाळी. इंजिनं मोठी झाली, डिझेल आलं, वाटा गेला, पगार आला. आता आमच्या होडीवर नेपाळचे आणि कर्नाटकातले मिळून नऊ जण.

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. ते घरी जातात. जाताना 'उचल', म्हणजे आगाऊ पैसे घेतात, ऑगस्टला परत येण्याचा शब्द. मी खोटं बोलणार नाही, उचल दिली की माणूस बांधला जातो. मध्येच दुसऱ्या होडीवर जास्त पगार मिळत असला तरी तो जाऊ शकत नाही, आणि गेला तर बंदरावर त्याच्या नावाने बोभाटा. उलट उचल घेऊन न आलेलेही बघितलेत, दोन वर्षांपूर्वी माझी सव्वा लाखाची उचल बुडाली.

गेल्या वर्षी एक बदल केला. पगार थोडा कमी धरून मासळीच्या विक्रीवर वाटा परत सुरू केला, नऊही जणांना सारखा, नेपाळचा असो की गावचा. लिलावाची चिठ्ठी केबिनमध्ये खिळ्याला लावतो, ज्याला वाचायची त्याने वाचावी. यंदा उचल कमी मागितली गेली. एक हंगाम झालाय फक्त, पुढचं पुढे. मोहोरताईंना वाटलं तर असा वाटा बागेतही जमेल. खराब वर्षी मालकावर सगळं ओझं येत नाही, चांगल्या वर्षी मजुराला कळतं की चांगलं वर्ष आलं.

धक्क्यावर मासळी निवडणाऱ्या बायांना अजूनही टोपलीतली मूठभर मासळी आणि थोडे पैसे देतात. वाट्यात त्या कुठेच नाहीत. हे लिहिताना जाणवलं, माझ्या चिठ्ठीतही नाहीत.

खारीची_शाळा | २८ एप्रिल, दुपारी ४.४५

मी रायगडात शिक्षिका आहे. 'बांधला जातो' हा शब्द वाचून लिहायला बसले.

माझ्या वर्गात कातकरी मुलं आहेत. दिवाळीनंतर पट अर्धा होतो, आईबाप वीटभट्टीवर जातात. पावसाळ्यात घरात दाणा नसतो तेव्हा भट्टीवाल्याचा माणूस येतो, बयाणा देतो. त्यावर सही नाही, चिठ्ठी नाही. हंगामभर हजार विटांवर दर, आठवड्याला खर्ची (खाण्यापुरते पैसे), आणि शेवटी हिशेब होतो तेव्हा दर वेळी 'अंगावर', म्हणजे देणं म्हणून, काहीतरी उरतंच. ते फेडायला पुढच्या वर्षी परत. वेठबिगारी १९७६ मध्येच कायद्याने गेली. माझ्या पटावर ती दर नोव्हेंबरला दिसते.

भट्टीवर जोडीला दर असतो, माणसाला नाही. मोहोरताईंच्या वहीतल्या 'जोडी'सारखाच. आठ-नऊ वर्षांची पोरगी विटा उलटते, तिचं काम जोडीत धरलेलं असतं.

आम्ही दोघी-तिघी शिक्षिकांनी एक लहान गोष्ट सुरू केलीय. चौथीच्या मुलांना गणितात खर्चीचा हिशेब शिकवतो. किती हजार विटा, काय दर, किती उचललं, किती राहिलं. मुलं भट्टीवर वही घेऊन जातात. गेल्या मेमध्ये एका मुलीने मुकादमासमोर वही उघडली, तिच्या बापाच्या 'अंगावर' काढलेले चार हजार सातशे चुकीचे निघाले.

कलमवाला | २८ एप्रिल, रात्री १०.३०

मुलीला माझा नमस्कार सांगा.

मोहोरताई, मी घरी बसून हिशेब केला. बंदरवाट यांनी सांगितला तसा. रोज थोडा वाढवायचा आणि हंगामाच्या शेवटी पेटीमागे ठरावीक रक्कम प्रतवारीच्या बायांना. पेटीचा भाव प्रतवारीवर ठरतो हे तुम्ही म्हणालात ते खोटं नाही. मागच्या वर्षी माझ्या अकरा पेट्या वाशीत 'मिक्स माल' म्हणून भाव पाडून विकल्या गेल्या, कारण हात नवीन होते. जुन्या दोन बाया शेजाऱ्याच्या बागेत गेल्या होत्या, त्याने पन्नास रुपये जास्त दिले म्हणून. माझं नुकसान त्या पन्नास रुपयांपेक्षा किती जास्त झालं ते आत्ता कागदावर मांडलं.

सगळं एकदम नाही जमणार. पण पुढच्या हंगामाला ३५० मी लिहिणार नाही.

हिशेबनीस | २९ एप्रिल, सकाळी ९.१५

एक पुस्ती. रोजगार हमी महाराष्ट्राचीच. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेली, १९७७ ला तिचा कायदा झाला, आणि तिथे खोदलेल्या मातीचा दर बाई-पुरुष बघत नव्हता. १९९० पासून फळबाग लागवड तिला जोडली गेली आणि कोकणातली कितीतरी कलमं त्या पैशांतून उभी राहिली. कलम लावताना तिचा दर सारखा आणि त्याच कलमाचा आंबा निवडताना कमी, हे आपल्या बांधावर झालंय.

मोहोरताई, ई-श्रमवर (असंघटित कामगारांच्या सरकारी पोर्टलवर) बायांची नोंदणी करून घ्या, आधार आणि बँकखातं लागतं. नेपाळच्या जोडीला मात्र आधारशिवाय ती नोंदणी नाही. आणि आंतरराज्य स्थलांतरितांचा १९७९ चा कायदा एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेलेल्यांसाठी होता, देशाबाहेरून आलेल्याचा त्यात विचारच नाही. १९५० च्या भारत-नेपाळ करारामुळे त्यांना इथे येऊन काम करायला आडकाठी नाही, पण आल्यावर त्यांच्यासाठी वेगळी सोय फारशी नाही. तिथे तुमची वहीच त्यांचा कागद.

मोहोर | ४ जून, रात्री ९.००

महिनाभर लिहायला वेळच मिळाला नाही, क्षमस्व. हंगाम संपला. काय झालं ते सांगते.

२ मेपासून प्रतवारीच्या बायांचा रोज ५०० केला आणि पेटीमागे पाच रुपये ठरवले. ६०० अजून नाही झाले, हिशेबनीस म्हणतील ते बरोबरच आहे, कायद्याने हे पुरेसं नाही. पुढच्या हंगामात पहिल्या दिवसापासून ६००. पेटीवर आतल्या बाजूला प्रतवारी करणारीचा नंबर घातला. मेमध्ये वाशीत एकाही पेटीचा भाव पाडला गेला नाही. एप्रिलमध्ये नऊ पेट्यांचा पाडला होता. एका महिन्यावरून फार काही म्हणणार नाही.

गड्यांपैकी दोघं पहिल्या आठवड्यात आले नाहीत. एक परत आला. म्हणाला, माझ्याच बायकोचे पैसे वाढले, मी कशाला रुसू. दुसरा नाही आला. आणि माझ्या धाकट्या काकांनी बोलणं टाकलंय. ते मला लागलंय, इथे लिहिताना लपवत नाही.

काजूगर, तुमचं ऐकलं. काकींच्या सुनेने मे महिन्यात दलालाशी भाव बोलणं सुरू केलं. पहिले तीन फोन स्पीकरवर, मी बाजूला. चौथा तिने एकटीने केला आणि पेटीमागे वीस रुपये जास्त काढले.

परवा नेपाळची जोडी निघाली. रत्नागिरी स्टेशनवर सोडायला गेले. यंदा दोन पाकिटं केली होती. महिना १८ हजारांची जोडी मोडून त्याला १३, तिला ११, मेपासून. तिच्या पाकिटावर तिचं नाव घातलं होतं. तिने ते दोनदा वाचलं, मग त्याच्याकडे न देता स्वतःच्या पोलक्यात ठेवलं. नवी वही दोघांसमोर उघडली, तिला सही करायला सांगितली. तिने विचारलं, अंगठा चालतो का? मी म्हटलं, लिहिता येतं ना? तिने देवनागरीत पूर्ण नाव लिहिलं, सावकाश, गाडीची घोषणा होईपर्यंत.

काजूगर | ४ जून, रात्री ९.४०

मोहोरताई, पाऊस सुरू झाला, आता लावणी. आमच्या वाडीत लावणीला बाईला गड्यापेक्षा दोनशे कमी, आणि वाकून राहते ती दिवसभर. तरवा (भाताची रोपं) काढणारीचा, लावणारीचा आणि चिखल करणाऱ्या गड्याचा दर एकाच कागदावर लिहायचा असं आम्ही सहा-सात जणींनी ठरवलंय. रविवारी चार वाजता मंदिराच्या पडवीत बसतोय. तुमच्या नव्या वहीतल्या रकान्यांचा फोटो टाकाल का? आमच्याकडे अजून जुनेच तीन आहेत.

मोहोर | ४ जून, रात्री ९.५५

सकाळी उजेडात काढून टाकते. यात रकाने कामाचे आहेत : चढणं, प्रतवारी, वाहणं, फवारणी, राखण. माणसांची नावं डावीकडे, पूर्ण.